घाटकोपरचा छापखाना आणि भिंतीवरचे देव

लक्ष्मी म्हटले की डोळ्यांपुढे एक ठरावीक रूप उभे राहते. कमळावर उभी, काठपदराची साडी नेसलेली, चार हातांची देवी आणि बाजूला हत्ती. सरस्वती म्हटले की हाती वीणा आणि जवळ मोर. बोरिवलीच्या किराणा दुकानात गल्ल्याच्या वर आणि अंधेरीच्या सोसायटीत जिन्याच्या कोपऱ्यातील टाइलवरही थोड्याफार फरकाने हेच रूप आढळते. ते पुराणकाळापासून चालत आले असावे, असा सर्वसाधारण समज. वास्तविक त्याचे वय सव्वाशे-एकशेतीस वर्षांच्या आसपास आहे आणि त्याच्या जन्मकथेचा एक धागा मुंबईच्या उपनगरातून जातो.

चित्रकार राजा रविवर्मा (१८४८-१९०६) यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला. हा छापखाना काही काळ घाटकोपरला होता. पुढे १८९९ च्या सुमारास तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आले होते. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, त्यावर चित्राचा तेवढाच भाग, मग एकाच कागदावर एकावर एक छाप आणि शेवटी तैलचित्राची झळाळी यावी म्हणून वॉर्निशचा हात, अशी ती पद्धत. राजेरजवाड्यांच्या दालनात टांगलेले चित्र त्यामुळे चाळकऱ्याच्या भिंतीवर आले. धंदा म्हणून मात्र छापखाना रविवर्म्यांना पेलला नाही. कर्ज वाढले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. श्लायशर व्यवहारात चोख निघाला. देवांच्या जोडीला त्याने मालाची लेबले आणि जाहिरातीही छापल्या.

अशा स्वस्त, 'बाजारू' म्हणून कलासमीक्षकांनी नाक मुरडलेल्या चित्रांकडे गंभीरपणे पाहणारी पुस्तके अलीकडच्या काळात आली. त्यात ख्रिस्तोफर पिनी या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाचे 'फोटोज ऑफ द गॉड्स' (२००४) महत्त्वाचे. आधी राजकारण घडते आणि चित्रे मागाहून त्याची नोंद करतात, हा क्रम पिनी उलटा करतात. चिपळूणकरांनी १८७८ मध्ये पुण्यात सुरू केलेली चित्रशाळा, रविवर्मा प्रेस आणि पुढचे छापखाने यांच्या कागदांवरच राष्ट्र नावाची कल्पना अनेकांना प्रथम दिसली, असे ते सुचवतात. गाईच्या देहात देवादिकांची दाटी दाखवणारे चित्र हे त्यांचे बोलके उदाहरण. वरवर पाहता ते पूजेचे चित्र, पण गोरक्षणाच्या चळवळीत तेच प्रचाराचे साधन झाले आणि इंग्रज सरकारला त्याची दखल घ्यावी लागली. अग्रलेखावर खटला भरता येई. देवाच्या तसबिरीवर हात टाकणे तितके सोपे नव्हते.

कजरी जैन यांचे 'गॉड्स इन द बाजार' (२००७) हिशेबाच्या वहीपासून सुरुवात करते. दिवाळीला किंवा नववर्षाला व्यापारी गिऱ्हाइकाला देवाचे कॅलेंडर का देतो? उधारी आणि विश्वास यांवर चालणाऱ्या बाजारात ती भेट म्हणजे संबंध टिकवण्याची रीत आहे, असे त्या दाखवतात. घाटकोपर किंवा मुलुंडच्या बाजारपेठेत वावरलेल्या वाचकाला हे प्रकरण परके वाटणार नाही.

रविवर्म्यांच्या छापखान्याशी दादासाहेब फाळके यांचाही कामानिमित्त संबंध आला होता. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढणाऱ्या फाळक्यांच्या पडद्यावर पौराणिक पात्रे आली, तेव्हा प्रेक्षकाला ती ओळखीची वाटली, यात नवल नाही. भिंतीवरचे चित्र हलू लागले होते. ज्या गोरेगावच्या चित्रनगरीला आज फाळक्यांचे नाव आहे, तेथेच बी. आर. चोप्रा यांच्या 'महाभारत' (१९८८-९०) मालिकेचे चित्रीकरण झाले. त्याआधीच्या 'रामायण' मालिकेचा राजकारणाशी आलेला संबंध अरविंद राजगोपाल यांनी 'पॉलिटिक्स आफ्टर टेलिव्हिजन' (२००१) मध्ये तपासला आहे. मालिकेने मते फिरवली, असे सरळसोट विधान ते करत नाहीत. एरवी वेगवेगळ्या भाषांत आणि वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत विभागलेला समाज दूरदर्शनने एकाच वेळी एका पडद्यापुढे बसवला, आणि त्या नव्या मैदानाचा लाभ कोणी कसा उठवला, हा त्यांचा विषय आहे.

या चित्रांवर आक्षेपही आहेत आणि ते रास्त आहेत. गावोगावच्या देवींची नाना रूपे, शेंदूर फासलेले तांदळे, काळ्या पाषाणाचे मुखवटे यांच्यावर एका गोऱ्या, साडी नेसलेल्या, उच्चवर्णीय वळणाच्या देवीने मात केली. दुसरी बाजूही तितकीच खरी. मंदिराची पायरी ज्यांना बंद होती, त्यांच्या घरात हा कागदी देव पुजाऱ्याला न विचारता गेला. प्रभाव एकाच दिशेने होत नसतो, एवढे या वादातून दिसते.

मराठीत रविवर्मा पोहोचले ते रणजित देसाई यांच्या कादंबरीतून आणि तिच्यावर बेतलेल्या, २०१४ मध्ये प्रदर्शित झालेल्या केतन मेहता यांच्या 'रंगरसिया' या चित्रपटातून. त्यात चित्रकाराचे आयुष्य आहे. छापील कागद घरात गेल्यावर त्याचे काय झाले, हा भाग बहुतांशी इंग्रजी ग्रंथांत राहिला.

आणि त्या ग्रंथांचा कच्चा माल वेगाने नाहीसा होत आहे. मळवलीचा छापखाना १९७२ च्या आगीत भस्मसात झाला. उपनगरांतील जुन्या चाळी आणि बैठ्या इमारती पुनर्विकासाला जाताना आजोबांच्या काळच्या तसबिरी नव्या फ्लॅटच्या रंगसंगतीत बसत नाहीत. काच फुटलेली चौकट पिंपळाखाली ठेवली जाते, कॅलेंडर रद्दीत जाते. कागदाच्या मागे व्यापाऱ्याचा शिक्का, खालच्या कडेला छापखान्याचे नाव, कधी देवीच्या साडीवर चिकटवलेली खरी जर, हा सगळा पुरावा त्याच्यासोबत जातो. बंगळुरूचे गणेश शिवस्वामी यांच्यासारख्या संग्राहकांनी या छापील चित्रांवर ग्रंथमाला सिद्ध केली आहे. विलेपार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ किंवा मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ यांसारख्या संस्थांची ग्रंथालये उपनगरांत आहेत. पण घर रिकामे करताना पुस्तके ग्रंथालयाला द्यावीत हे जसे सुचते, तसे तसबिरीच्या बाबतीत सहसा कोणाला सुचत नाही.