उपचारानंतरची शिल्लक

मल्टिपल मायलोमाचे उपचार पूर्ण झालेल्या रुग्णांचे नातेवाईक आमच्या बिल विभागात नेहमी विचारतात, ‘रिपोर्ट नॉर्मल आला, मग पुन्हा रक्त कशासाठी तपासायचे?’ प्रश्न रास्त आहे; प्रत्येक तपासणीस पैसा लागतो. त्याचे उत्तर आमच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडून समजून घेऊन येथे देत आहोत.

अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशी एरवी नानाविध प्रतिपिंडे तयार करतात. या कर्करोगात एकाच पेशीची संतती बेसुमार वाढते व एकाच साच्याचे प्रथिन रक्तात सोडते. त्यास एम-प्रथिन म्हणतात. इलेक्ट्रोफोरेसिस, इम्युनोफिक्सेशन व फ्री लाइट चेन या रक्ततपासण्या त्याचा व त्याच्या सुट्या अंशांचा माग घेतात.

हे प्रथिन दिसेनासे झाले तरी थोड्या रोगपेशी मज्जेत उरू शकतात. हाच अवशिष्ट रोग, म्हणजे ‘एमआरडी’. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार एक लाख पेशींत एक रोगपेशी असली तरी ती ओळखता आली पाहिजे. आम्हा हिशेबनिसांच्या भाषेत, लाखाच्या जमाखर्चात एका रुपयाची तफावत! मात्र त्यासाठी हाडात सुई घालून मज्जा काढावी लागते. शिवाय रोग सर्वत्र सारखा पसरलेला नसल्याने एका जागेच्या नमुन्यातून तो निसटूही शकतो.

म्हणून ‘मास स्पेक्ट्रोमेट्री’ या रक्ततपासणीकडे जगभरचे तज्ज्ञ आशेने पाहत आहेत. प्रत्येक रुग्णाच्या एम-प्रथिनाचे वस्तुमान निराळे असते. ते एकदा नोंदले की नेहमीच्या तपासणीत न दिसणारा अंशही रक्तात सापडतो. तथापि, आयजीजी प्रकारचे प्रथिन निम्मे होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. त्यामुळे रोगपेशी गेल्यावरही ते काही काळ दिसत राहते. यास्तव मज्जेची तपासणी अद्याप पूर्णतः टळलेली नाही. तसेच एमआरडी आढळला नाही, म्हणजे रोग समूळ गेला, असेही नव्हे.

आमचे एक शेतकरी रुग्ण ‘नॉर्मल’ शब्दावर विसंबून वर्षभर फिरकले नाहीत. आले ते मणक्याचे हाड मोडल्यावरच. रक्ताच्या साध्या तपासणीने तो रोग कदाचित आधीच उमगला असता.

डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नये. खर्चाची अडचण असल्यास घरी न थांबता आमच्या समाजसेवा विभागास अवश्य भेटावे. देणगीदारांनीही या दीर्घकालीन तपासण्यांसाठी रुग्ण साहाय्य निधीस सढळ हस्ते मदत करावी, ही नम्र विनंती.