रंगांधत्व आणि कलाशिक्षणाचे प्रवेशद्वार

चित्रपट संकलन शिकण्यासाठी सर्व रंग अचूक ओळखता येणे अनिवार्य आहे काय, या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०२२ रोजी नकारार्थी दिले. पुणे येथील भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेने रंगांधत्व असलेल्या उमेदवारांना अभ्यासक्रमांपासून वंचित ठेवू नये, तसेच अभ्यासक्रमात त्यानुसार बदल करावेत, असे निर्देश न्यायालयाने दिले. कला व अभिकल्प क्षेत्रातील सर्वसमावेशक शिक्षणाच्या दृष्टीने हा निकाल महत्त्वाचा आहे.

२०१५ च्या प्रवेशप्रक्रियेत संकलनाच्या पदव्युत्तर पदविकेसाठी निवडीपर्यंत पोहोचलेल्या एका उमेदवाराला वैद्यकीय तपासणीत रंगांधत्व आढळल्याने प्रवेश नाकारण्यात आला होता. तत्कालीन नियमांनुसार संस्थेच्या १२ पैकी ६ अभ्यासक्रम अशा उमेदवारांना खुले नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने नेत्रतज्ज्ञ आणि चित्रपटक्षेत्रातील जाणकार यांची समिती नेमली.

रंगांधत्व म्हणजे सर्व जग कृष्णधवल दिसणे, हा समज चुकीचा आहे. यातील बहुतेकांना रंग दिसतात. मात्र प्रामुख्याने लाल आणि हिरव्या छटांमधील भेद त्यांना सहज कळत नाही. हा दोष बहुधा आनुवंशिक व एक्स गुणसूत्राशी निगडित असल्याने पुरुषांत अधिक आढळतो.

संकलकाचे मुख्य काम दृश्यांची निवड, त्यांचा क्रम आणि लय ठरविणे हे असते. रंगसंस्करण हे बहुधा वेगळ्या तंत्रज्ञाकडे सोपविले जाते. म्हणूनच संकलनाच्या अभ्यासक्रमातील रंगसंस्करणाचा भाग वगळावा अथवा ऐच्छिक करावा, असे समितीने सुचविले. उरलेली अडचण सहायकाच्या मदतीने दूर होऊ शकते, असाही समितीचा अभिप्राय होता.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश असून, शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. रंगांधत्व मात्र या सूचीत नाही. त्यामुळे अशा विद्यार्थ्यांच्या बाबतीत शिक्षकांची अध्यापनपद्धतीच निर्णायक ठरते.

त्यासाठी करावयाचे उपाय खर्चिक नाहीत. रंगांच्या नळ्यांवर व नमुन्यांवर ठळक नावे लिहिणे, आलेखांत रंगाच्या जोडीला पोत किंवा अक्षरखूण देणे आणि पडद्यावरील रंग केवळ नजरेने न जोखता मापनयंत्राच्या आलेखावर तपासण्यास शिकविणे, हे त्यांपैकी काही होत. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत २०११ मध्ये आकारास आलेली समान, सहज, सांस्कृतिक, सस्ता आणि सुंदर ही वैश्विक अभिकल्पाची पाच तत्त्वेही हाच विचार मांडतात.

यात गुणवत्तेचा निकष शिथिल होत नाही. विद्यार्थ्याच्या ज्या कौशल्याची परीक्षा घ्यावयाची आहे, तेवढ्याचीच परीक्षा व्हावी, इतकीच यामागील अपेक्षा आहे.