हाताने सजलेले घर

दिवाळी महिन्यावर आली, की आमच्या घरी दोन याद्या तयार होतात. काय काय आणायचे, ही माझी यादी. आणि त्यांतले काय काय आणायचे नाही, ही ह्यांची! घरकर्जाचा हप्ता दरमहा न चुकता दारात उभा राहत असल्यामुळे बहुधा ह्यांचीच यादी मंजूर होते. डोंबिवलीतल्या दोन खोल्यांच्या संसारात ह्याहून वेगळे काय होणार? परंतु अलीकडे माझी यादी आपोआपच आखूड झाली आहे आणि घर मात्र पूर्वीपेक्षा देखणे दिसते, असे आल्यागेल्यांचे मत आहे. "कुठून आणलंत हो हे?" असे शेजारणी विचारतात. त्यांच्यासाठी, आणि ज्यांचे पाकीट आमच्यासारखेच हलके आहे अशा सर्व भगिनींसाठी हा लेख.

सुरुवात झाली ती सासूबाईंच्या पेटीपासून. २०२२ साली मामंजी गेले. वाई तालुक्यातले घर बंद करून आई आमच्याकडे आल्या, त्या एक लोखंडी पेटी घेऊन. आल्या खऱ्या, पण राहू लागल्या पाहुण्यासारख्या. सोफ्याच्या अगदी कडेला टेकायचे, पंखा लावायचा तर विचारायचे, चहासुद्धा "असला तर दे" म्हणून मागायचा. ज्या बाईने उभा जन्म स्वतःच्या हाताने भिंती पोतारल्या, अंगण सारवले, तिला आमच्या तयार रंगाच्या भिंतींत करण्यासारखे काही उरलेच नव्हते. घर नेटके होते. पण त्यात त्यांचे असे काही नव्हते.

त्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत पेटी उघडली. आत अकरा सुती लुगडी निघाली. काही धडकी, काही पार विरलेली, पण सगळी धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली.

"बोहारणीला घाल. एखादं पातेलं तरी मिळंल," आई म्हणाल्या.

"ह्यांची गोधडी नाही का व्हायची?"

"आमच्याकडं वाकळ म्हणत्यात तिला. पर शिवणार कोण? मला आता सुई ओवता येत न्हाई."

ही अडचण आमच्या धाकट्या चिरंजीवांनी सोडवली. रोज शाळेत जाण्यापूर्वी तो दहा सुया ओवून उशीत टोचून ठेवू लागला. दुपारभर आजीला तेवढ्या पुरत.

आता कृती सांगते. नऊवारी लुगडे म्हणजे ९ वार, म्हणजेच २७ फूट. त्याचे सारखे चार भाग केले, की प्रत्येक भाग पावणेसात फूट लांब होतो. रुंदी साधारण पावणेचार फूट असतेच. एका माणसाच्या पांघरुणाचे हे नेमके माप! आपल्याकडच्या दमट हवेला चार पदर पुरतात. घाटावरच्या थंडीला दोन लुगड्यांचे आठ हवेत. धडका भाग वर आणि खाली, विरलेला मध्ये. कापड आधी धुऊन कडकडीत वाळवावे. मग जमिनीवर पसरून, सुरकुत्या हाताने सारून, लांब लांब कच्चे टाके घालून सगळे पदर जखडून टाकावेत. त्यानंतर जाड सुती दोऱ्याने धावदोरा घालायचा. आई कडेपासून सुरुवात करतात आणि फेऱ्या घालत घालत मध्याकडे येतात. दोन ओळींत बोटभर अंतर. टाका थोडा वाकडा गेला, तर उसवत बसू नये. गोधडीची शोभा त्या हातच्या टाक्यातच आहे. बंगालात जुन्या साड्यांची कांथा होते, बिहारात सुजनी. म्हणजे काटकसर आणि कला ह्यांचे नाते आपल्याच मुलखापुरते नाही.

एक सूचना मात्र जरूर पाळावी. गोधडीला सुतीच कापड घ्यावे. कृत्रिम धाग्याच्या साडीत घाम जिरत नाही आणि पदर एकमेकांवरून घसरतात. जरीची रेशमी साडीही पांघरुणात घालू नये. जर अंगाला टोचते.

आईंची गोधडी संक्रांतीला पुरी झाली. दोन लुगडी अगदीच विरली होती. त्यांचे काठ आणि इरकली तांबडे पदर तेवढे शाबूत होते. काठ मी पांढऱ्या मांजरपाटाच्या पडद्यांना खाली लावले, पदरांचे लोडाचे अभ्रे केले, आणि उरलेल्या तुकड्यांचे त्रिकोण दुमडून एका फितीवर ओवले, ते दाराचे तोरण झाले. ह्या साऱ्याला दोरा आणि मांजरपाट सोडल्यास खर्च शून्य.

पुढच्या वर्षी, २०२३ साली, आकाशकंदिलाची पाळी आली. कॉलेजात जाणाऱ्या आमच्या कन्येला तयार प्लास्टिकचा कंदील हवा होता. आई म्हणाल्या, "कामट्या आण, मी दावते." तेव्हा ह्यांनाही आपले लहानपण आठवले आणि ते चक्क मांडी घालून खाली बसले!

ह्या कंदिलाला बांबूच्या सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या लागतात. आम्ही नऊ-नऊ इंचांच्या घेतल्या. चार-चार कामट्या टोकांशी दोऱ्याने बांधून सहा चौकोन करावेत. एक चौकोन वर, एक खाली, आणि उरलेले चार बाजूंना, पण कोपऱ्यावर उभे. आता कोपऱ्याला कोपरा बांधत जावे. सुटा चौकोन हातात लुळा पडतो, म्हणून घाबरू नये. सगळे कोपरे जुळले, की मध्ये आठ त्रिकोण आपोआप तयार होतात आणि सांगाडा ताठ उभा राहतो. कंदिलाची रुंदी सुमारे तेरा इंच भरते. गणित कन्येने केले आणि मग प्लास्टिकचा विषय तिनेच सोडला.

दोन चमचे मैदा कपभर पाण्यात मंद आचेवर शिजवला, की खळ होते. पतंगाचा कागद चारी बाजूंनी अर्धा इंच जास्त कापून कामटीवर दुमडून चिकटवावा. चार उभे चौकोन एका रंगाचे, त्रिकोण दुसऱ्या रंगाचे. वरचा आणि खालचा चौकोन मोकळाच ठेवावा, म्हणजे हवा खेळते. खालच्या चौकोनाला कागदाच्या झिरमिळ्या लावाव्यात. आत एलईडीचा लहान दिवा सोडावा. तो जुन्या बल्बाइतका तापत नाही. तरीही तो कागदाला टेकू देऊ नये. आमचा खर्च दीडशे रुपयांच्या आत आला.

कंदील लागला, त्या संध्याकाळी मजल्यावरची पाच-सहा मुले आईंभोवती जमली. त्यानंतरच्या प्रत्येक दिवाळीत आमची गॅलरी म्हणजे कारखानाच असतो, आणि कारखान्याच्या मालकीणबाई ओरडायला कमी करत नाहीत. आता पंखा कुणाला न विचारता लागतो. कपाट कुठे असावे, ह्यावर माझ्याशी वादही होतो, आणि तो बहुधा त्याच जिंकतात. कधी राग येतो, नाही असे नाही. पण असा वाद माणूस स्वतःच्याच घरात घालतो, हे ध्यानात आले, की मी कपाट सरकवू लागते.

तेव्हा मैत्रिणींनो, ह्या दिवाळीच्या आवराआवरीत पेटीच्या तळापर्यंत हात घाला. आणि बोहारणीला हाक मारण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला एकदा विचारा, "ह्याचं काय करता येईल हो?" सुया ओवून द्यायला कुणी ना कुणी घरात असतेच.