उभ्या विमानांचे दप्तर

आयर्लंडच्या पश्चिमेस, शॅनन नदीच्या मुखाशी, जो विमानतळ अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांना इंधन पुरविण्याकरिता भरभराटीस आला आणि जेट विमानांचा पल्ला वाढताच ज्याच्यावर ओस पडण्याची पाळी आली, त्याच शॅननमध्ये 1975 साली टोनी रायन या गृहस्थांनी 50,000 डॉलरांच्या भांडवलावर ‘गिनेस पीट एव्हिएशन’ ही कंपनी काढली. रायन हे टिपरेरी परगण्यातील, आगगाडीच्या चालकाचे चिरंजीव. एअर लिंगस या आयरिश विमान कंपनीच्या नोकरीत असता त्या कंपनीचे एक जास्तीचे जंबो जेट बँकॉकच्या एअर सायामला भाड्याने देण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि त्या व्यवहारात त्यांना आपल्या पुढल्या आयुष्याचा धंदा सापडला. रायन यांच्या या नव्या कंपनीत एअर लिंगस व लंडनची गिनेस पीट पेढी यांचा प्रत्येकी 45 टक्के आणि रायन यांचा 10 टक्के वाटा होता. मी शॅननला गेलो तो केवळ हे स्थान डोळ्यांनी पाहावे म्हणून. ब्रेंडन ओ’रीगन यांनी 1947 साली येथेच जगातील पहिले करमुक्त विमानतळ-दुकान थाटले, हेही त्या गावाच्या चिकाटीचे उदाहरण म्हणून नोंदविण्याजोगे आहे.

विमाने भाड्याने देण्याच्या धंद्याची सामान्य माहिती थोडक्यात उरकतो. विमान, वैमानिक, देखभाल व विमा यांसह दिले तर त्यास ‘वेट लीज’ म्हणतात. नुसते विमान दिले तर ‘ड्राय लीज’. आपण येथे दुसऱ्या प्रकाराविषयी बोलत आहोत. विमानसेवा चालविणाऱ्या कंपनीने भाडे द्यावे, विमा उतरवावा, देखभाल करावी आणि मुदत संपताच ठरल्या अवस्थेत विमान परत करावे, हा करारनाम्याचा गाभा. लॉस एंजेलिसमध्ये 1973 साली स्टीव्हन उद्वार-हाझी व गोंडा पितापुत्र यांनी काढलेली आयएलएफसी आणि रायन यांची कंपनी या दोहोंनी हा व्यवसाय वाढविला, आणि आज जगातील जवळजवळ निम्मी प्रवासी विमाने अशी भाड्याची असतात.

तेजीच्या काळात या धंद्यास फारसे शहाणपण लागत नाही. मंदी आली म्हणजे मात्र कोण मालक आणि कोण केवळ कर्जदार याचा निवाडा होतो. रायन यांच्या कंपनीने 1989 साली बोइंग, एअरबस व मॅकडॉनल डग्लस या तिघांकडे मिळून 308 विमानांची, सुमारे 16.8 अब्ज डॉलरांची मागणी नोंदविली, तेव्हा त्यांतील बहुतेक विमानांना भाडेकरू मिळावयाचे होते. ते मिळतीलच अशी खात्री मात्र सर्वांना होती. पुढल्याच वर्षी ऑगस्टमध्ये इराकने कुवेत व्यापले, इंधन महागले, प्रवासी घटले; 1991 च्या जानेवारीत ईस्टर्न आणि डिसेंबरात पॅन ॲम या जुन्या अमेरिकी कंपन्या बुडाल्या. विमाने ठरल्या तारखेस कारखान्यांतून बाहेर येतच राहिली, कारण मंदी आली म्हणून विमान बांधणारा आपला हप्ता तहकूब करीत नाही. ब्रिटनचे माजी अर्थमंत्री नायजेल लॉसन व आयर्लंडचे माजी पंतप्रधान गॅरेट फिट्झजेराल्ड यांच्यासारखी माणसे संचालक मंडळात असूनही जून 1992 मध्ये कंपनीची भागविक्री गुंतवणूकदारांच्या अनास्थेमुळे ऐनवेळी मागे घ्यावी लागली, आणि 1993 मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची वित्तशाखा मदतीस आली ती बहुतेक ताफ्याचा कारभार आपल्या नव्या ‘जीकॅस’ या कंपनीकडे घेऊनच. मूळ कंपनीचा देह मात्र टिकला: 1998 मध्ये ती ‘एअरफाय’ झाली, 2000 मध्ये ‘डेबिस’ने ती घेतली, 2005 नंतर ‘एअरकॅप’ हे नाव मिळाले, आणि 2021 साली, महामारीच्या मंदीतच, याच एअरकॅपने जीकॅसला 30 अब्ज डॉलरांहून अधिक किमतीस विकत घेतले. मंदीत जो धनकोच्या स्वाधीन झाला त्याच्याच वंशजाने पुढल्या मंदीत धनकोचे दुकान उचलावे, याहून बोलका इतिहास मला या व्यवसायात दुसरा आढळलेला नाही.

मंदीत भाडे थकले तर काय करावे, या प्रश्नावर नवख्याचे उत्तर ‘जप्ती’ हेच असते. माझे मत वेगळे आहे. दुष्काळात कुळाला जमिनीवरून काढणाऱ्या मालकाच्या पदरी पडीक रानच येते. तसेच येथेही घडते, कारण विमान भाडेकरूकडे असेतो त्याचा विमा, त्याची जागा व त्याची देखभाल ही भाडेकरूची जबाबदारी राहते, आणि ताबा घेतल्या क्षणापासून तो सर्व खर्च मालकाच्या अंगावर पडतो. एकटी जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 रोजी बंद पडली तेव्हा मुंबईच्या त्या कंपनीची कित्येक बोइंग 737 विमाने थोड्याच काळात स्पाइसजेटच्या रंगात उडू लागली, कारण बाजार चालू होता; 2020 च्या एप्रिलमध्ये जगातील सुमारे दोन-तृतीयांश प्रवासी विमाने जमिनीवर असता कोणत्याही मालकास दुसरे गिऱ्हाईक कोठून मिळणार? म्हणून जाणत्या कंपन्यांनी काही महिन्यांचे भाडे पुढे ढकलले, कोठे उड्डाणाच्या तासांप्रमाणे घेतले, आणि त्या सवलतीचा मोबदला म्हणून भाडेपट्ट्याची मुदत वाढवून घेतली. ज्यांच्या गाठीस रोकड होती त्यांना तर हाच खरेदीचा हंगाम ठरला: साउथवेस्टने मे 2020 मध्ये आपली 20 विमाने भाडे कंपन्यांना विकून तीच भाड्याने परत घेतली आणि 815 दशलक्ष डॉलर उभे केले.

आता मी ज्या विषयाकडे येण्यास उत्सुक होतो त्याकडे येतो, तो म्हणजे विमानाचे दप्तर. विमानाची किंमत त्याच्या ॲल्युमिनियमात अल्प, इंजिनांत पुष्कळ, आणि इंजिनांची किंमत कागदांत असते, हे प्रथम ऐकणाऱ्यास अतिशयोक्ती वाटेल. एअरबस 320 आणि बोइंग 737 या दोन्ही कुळांत मोठ्या प्रमाणावर वापरलेले सीएफएम-56 इंजिन घ्या: त्याच्या पुढल्या पंख्याच्या चकतीचे आयुष्य 30,000 उड्डाणांचे, गाभ्यातील फिरत्या भागांचे 20,000 चे, मागील मंददाब टर्बाइनच्या भागांचे 25,000 चे. प्रत्येक भागास स्वतःचा क्रमांक असतो, आणि तो कारखान्यातून निघाल्यापासून कोणत्या इंजिनात, कोणत्या विमानावर, किती उड्डाणे झाला याची अखंड साखळी दाखविता आली पाहिजे. त्या साखळीतील एक दुवा हरवला, मधल्या एखाद्या बुडीत विमान कंपनीची रोजनामा-वही गहाळ झाली, तर धातू निर्दोष असूनही तो भाग विमानावर चढविता येत नाही, आणि लक्षावधी डॉलरांचा ऐवज भंगाराच्या भावाचा होतो.

एका दुरुस्ती-आस्थापनेत मालक कंपनीचे तांत्रिक प्रतिनिधी परत आलेल्या विमानाचा ताबा घेत असलेले मी पाहिले आहे. विमानाभोवती फिरण्यात त्यांचा वेळ थोडाच गेला. बहुतेक काळ ते खोक्यांनी भरलेल्या खोलीत बसून सह्या, शिक्के, तारखा व भागांचे क्रमांक ताडून पाहत होते. भाड्याखेरीज दर उड्डाण-तासास व दर उड्डाणास जो देखभाल-राखीव निधी भाडेकरूकडून घेतला जातो, तो इंजिनाच्या मोठ्या दुरुस्तीस, लँडिंग गिअरच्या नूतनीकरणास व सांगाड्याच्या मोठ्या तपासणीस पुरेल की नाही याचा हिशेबही त्याच कागदांवरून निघतो. मंदीत हा निधी आणि दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत हीच मालकाची खरी शिदोरी. ज्याने तेजीत भाडेकरू दुखावू नये म्हणून या दोहोंत सूट दिली, त्याचे नुकसान मंदीत उघड होते.

आणि कागद पूर्ण असूनही गिऱ्हाईक नसले तर? सिंगापूर एअरलाइन्सने 2007 पासून सेवेत आणलेल्या पहिल्या एअरबस 380 विमानांतील काही जर्मनीच्या डॉक्टर पेटर्स समूहाच्या मालकीची होती. दहा वर्षांचा भाडेपट्टा संपल्यावर त्यांना दुसरा भाडेकरू मिळेना, आणि त्यांतील दोन फ्रान्समधील तार्ब येथे सुटी करून भागांसाठी विकण्यात आली. वयाने अर्ध्यावरही न आलेली ती प्रचंड विमाने मोडली गेली याचे मला अजून वाईट वाटते, परंतु धंद्याच्या दृष्टीने तो निर्णय बरोबर होता. अरुंद धडाची, शेकडो कंपन्यांना चालणारी विमानेच जवळ ठेवावी, हा नियम प्रत्येक मंदीने पुन्हा लिहून दिला आहे.

उभे विमान ठेवावे कोठे, हीही एक स्वतंत्र विद्या आहे. स्पेनमधील तेरुएल, ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्ज, ॲरिझोनातील मराना ही ठिकाणे कोरड्या हवेकरिता निवडलेली; टायर ठरावीक अवधीने फिरवितात, वेगमापक नळ्या झाकतात, कारण गांधीलमाश्या त्यांत घरटी करतात. आठवडाभर न उडालेल्या बोइंग 737 विमानांच्या इंजिनांतील एक झडप गंजलेली असू शकते, अशी तातडीची सूचना अमेरिकी विमान प्राधिकरणाने जुलै 2020 मध्ये काढली होती.

ज्यांना हे ठाऊक आहे त्यांना 2023 चा पावसाळा भारतात कसा गेला असेल याची कल्पना येईल. मुंबईच्या गो फर्स्टने 2 मे 2023 रोजी स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला, 10 मे रोजी न्यायाधिकरणाने तो दाखल करून घेतला, आणि त्याबरोबर लागू झालेल्या स्थगितीने मालकांना आपल्याच विमानांस हात लावण्याची मनाई झाली. जुलैमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निदान पाहणी व देखभाल करू दिली. 3 ऑक्टोबरला सरकारने विमानांस त्या स्थगितीतून वगळले. आणि 26 एप्रिल 2024 रोजी त्याच न्यायालयाने 54 विमानांची नोंदणी पाच कार्यदिवसांत रद्द करण्याचा हुकूम दिला. जवळजवळ एक वर्ष! वास्तविक, भाडेकरूने आगाऊ लिहून दिलेल्या अपरिवर्तनीय मुखत्यारपत्रावर मालकास नोंदणी रद्द करून विमान परदेशी नेता यावे, असा केप टाउन या आंतरराष्ट्रीय कराराचा संकेत असून भारत 2008 पासून त्यात सामील आहे. परंतु देशातील दिवाळखोरीचा कायदा त्याच्या आड येत होता.

ती उणीव विमान-वस्तूंतील हितसंबंधांच्या संरक्षणाच्या 2025 च्या अधिनियमाने दूर केली. आता दिवाळखोरीत गेलेल्या कंपनीच्या कारभाऱ्याने दोन महिन्यांत थकबाकी निवारून करार पुढे चालवावा, नाहीतर विमान मालकाच्या स्वाधीन करावे, आणि तोपर्यंत विमानाची निगा राखून त्याचे मूल्य टिकवावे, या केप टाउन कराराच्या तरतुदीस देशात कायद्याचे बळ आले आहे. सर्वांचे लक्ष दोन महिन्यांच्या मुदतीकडे आहे. मला निगा राखण्याची तरतूद अधिक मोलाची वाटते, कारण त्या साठ दिवसांत देखभालीच्या नोंदी खंडित झाल्या, एखादे इंजिन उतरवून त्याचा कागद मागे राहिला, तर मालकाच्या हाती येईल ते विमान पुन्हा भाड्याने देण्याजोगे उरणार नाही. त्या तरतुदीची अंमलबजावणी कशी होते हे पाहूनच परदेशी मालक इंडिगो व एअर इंडिया यांच्या पुढल्या शेकडो विमानांचे भाडे ठरवतील.