लेकीची राहिलेली पदवी

तुमच्यापैकी कितीजणींची पदवी लग्नामुळे राहिली? भिशीत बसल्याबसल्या विचारून पाहा, निम्म्या तरी हात वर करतील. दुसरं वर्ष झालेलं असतं, स्थळ चांगलं येतं, मुलगा परदेशात असतो आणि 'परीक्षा काय, नंतरही देता येईल' असं घरातलं मोठं माणूस म्हणून जातं. आमच्या घरात ते मोठं माणूस मीच होते. बी. कॉम.ची दोन वर्षं करून धाकटी सासरी गेली, ती थेट अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटलजवळच्या एका उपनगरात. पुढची दहा वर्षं फोनवर "काय चाललंय गं?" म्हटलं की "काही नाही, भाजी चिरतेय" एवढंच उत्तर यायचं. आवाजावरून आईला कळतं हो, पण कळून इथून करणार काय?

मग एका रविवारी ती म्हणाली, "आई, कॉलेजात नाव घालतेय." विषय विचारला तर 'बिहेवियरल हेल्थकेअर'. म्हणजे काय ते मला कळेना. तिनं सोपं करून सांगितलं: मनाचे आजार आणि दारू-ड्रग्जची व्यसनं असलेल्या माणसांच्या उपचारात मदत करण्याचं शिक्षण. आमच्याकडे शेजारच्या खुर्चीतून लगेच प्रश्न आला, "म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात का?" मी फोनवर हात ठेवला. पण खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं होतं.

नंतर सहा महिने तिच्याकडे राहून आले, तेव्हा उलगडा झाला. तुमच्यापैकी कुणाची लेक, सून, भाची तिकडे असेल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तिकडे कम्युनिटी कॉलेज म्हणून एक प्रकार असतो. आपल्या तालुक्याच्या कॉलेजासारखं समजा, घराजवळचं आणि विद्यापीठापेक्षा स्वस्त. इलिनॉय राज्यात जोलिएट इथे १९०१ साली असं पहिलं सरकारी कॉलेज निघालं. तिथे दोनच वर्षं शिकायचं आणि पूर्ण पदवी हवी तर पुढे विद्यापीठात जायचं, अशी रीत वर्षानुवर्षं होती. पण ज्या बाईला तीन वाजता मुलाला शाळेतून आणायचं आहे ती दूरच्या विद्यापीठात जाणार कशी? फ्लोरिडाने २००१ साली आणि वॉशिंग्टनने २००५ साली अशा कॉलेजांना काही विषयांत चार वर्षांची पूर्ण पदवी द्यायला परवानगी दिली. ज्या कामाला आसपास माणसं हवीत त्याच विषयांत.

आणि या कामाला माणसं हवीत याचं कारण जुनं आहे. १९६३ साली अध्यक्ष केनेडी यांनी एका कायद्यावर सही केली. मनोरुग्णांना मोठमोठ्या इस्पितळांत कोंडून न ठेवता गावोगावच्या केंद्रांत उपचार द्यायचे, असा त्याचा हेतू होता. इस्पितळं रिकामी होत गेली, पण ठरली होती तेवढी केंद्रं काही झाली नाहीत. वेळेवर गोळ्या घेतल्या का, राहायला जागा आहे का, घरचे विचारतात का, हे पाहणारं माणूस लागतं. डॉक्टर तेवढ्यासाठी कुठे येणार?

आता अभ्यासाचा हिशेब. वॉशिंग्टनच्या कॉलेजांत वर्षाचे टर्म असतात, एकेक दहा-अकरा आठवड्यांचा. पदवीला एकूण १८० क्रेडिट लागतात. त्यातले पहिले ९० दोन वर्षांच्या पायरीचे, पुढचे ९० वरच्या पायरीचे. एक विषय साधारण ५ क्रेडिटचा. पूर्ण वेळ शिकणारी एका टर्मला तीन विषय घेते. आमची एकेक-दोनदोन घेते, म्हणून तिला वर्षं जास्त लागताहेत. पण तिच्या बी. कॉम.च्या दोन वर्षांतले काही विषय तिकडे धरले गेले, आणि इथे माझा पराक्रम सांगितल्याशिवाय राहवत नाही! त्यासाठी विद्यापीठाकडून गुणपत्रकाची अधिकृत प्रत, शिक्का मारलेल्या बंद पाकिटात, हवी होती. दहा-बारा वर्षांपूर्वीची नोंद. एका खिडकीवरून दुसरीकडे, दुसरीवरून 'साहेब जेवायला गेलेत' असं करत चार हेलपाटे घातले. चौथ्या वेळी पोळीभाजीचा डबा घेऊनच गेले आणि खिडकीसमोरच्या बाकावर बसून राहिले. संध्याकाळी पाकीट मिळालं. ज्या बाईने परीक्षा बुडवली तिनेच पाकीट आणावं, यात काही चूक नाही.

तर तिथे शिकवतात काय? औषधांची ओळख, व्यसनाचा मेंदूवर होणारा परिणाम, गट कसा चालवायचा, जीव द्यायला निघालेल्या माणसाशी कसं बोलायचं. पण सगळ्यात अवघड विषय म्हणे ऐकण्याचा. विल्यम मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दारू पिणाऱ्यांशी बोलण्याची एक पद्धत १९८३ साली मांडली. उपदेश करायचा नाही. प्रश्न असे विचारायचे की सोडण्याचं कारण त्या माणसाच्याच तोंडून निघेल. मला हसू आलं. म्हटलं, ऐकण्याचं काय शिकायचं, जन्मभर दुसरं काय केलं आपण?

"बरं, मग तू हो माझी पेशंट," ती म्हणाली. तिला सरावाला कुणीतरी हवंच होतं. त्याआधी मी शेजारीण झाले होते आणि मला सल्ला द्यायला सांगितलं होतं. माझी पहिली तीन वाक्यं अशी: 'होईल गं सगळं ठीक', 'मन कशात तरी गुंतव', 'त्याच्यापेक्षा वाईट लोकांचं बघ'. तिने वहीत तिन्हीवर फुल्या मारल्या! या तीन वाक्यांनी समोरचीचं बोलणं बंद होतं, म्हणे. तुम्हीच आठवून पाहा, आपल्याला कुणी असं म्हटलं की आपण पुढे काही सांगतो का? मग मी पेशंट झाले. गुडघ्यांची तक्रार सांगायची असं ठरवून बसले होते. ती काही बोलेना, नुसती बघत राहिली, मधे एकदा "आणखी?" म्हणाली. आणि माझ्या तोंडून गुडघ्यांऐवजी तिची राहिलेली परीक्षा निघाली. तिने "जाऊ दे गं आई" म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी लगेच उठून चहा टाकला असता.

शेवटच्या वर्षांत प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन काम करावं लागतं. तिथून ती आली की मला चौकशीची भारी हौस. एक दिवस ती अगदी गप्प होती. "आपलं कुणी आलं होतं का गं? मराठी?" मी सहज विचारलं. ती म्हणाली, "आई, हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही." मला राग आला. पोटच्या आईपासून काय लपवायचं? पण व्यसनाच्या उपचारांची नोंद गुप्त ठेवण्याचा तिथला केंद्रीय कायदा १९७०च्या दशकापासूनचा आहे. कोण येतं हेसुद्धा बाहेर सांगायचं नाही. जीवाला धोका असेल किंवा लहान मुलाचा छळ होत असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर नवरा, आई, मंडळातल्या मैत्रिणी, सगळ्यांना दार बंद. पुढच्या आठवड्यात तिथल्या आपल्या लोकांच्या हळदीकुंकवाला गेलो, तेव्हा मी प्रत्येकीच्या चेहऱ्याकडे बघत होते की ही तर नव्हे? माझीच मला लाज वाटली. आपल्या गावात डॉक्टरकडे कोण कशासाठी गेलं हे संध्याकाळपर्यंत आळीला कळतं. मग बाई जाईल कशाला?

आता न आवडणारी गोष्टही सांगते, कारण जाहिरातीत ती बारीक अक्षरांत असते. या पदवीने कुणी मानसोपचारतज्ज्ञ होत नाही. स्वतंत्रपणे समुपदेशन करायचं तर पुढे एम. ए.च्या तोडीची पदवी आणि राज्याचा परवाना लागतो. व्यसनमुक्तीच्या कामाचा दाखला वेगळा, त्याला ठरावीक तास देखरेखीखाली काम आणि परीक्षा. वॉशिंग्टनने २०२३ साली पदवीधरांसाठी 'बिहेवियरल हेल्थ सपोर्ट स्पेशालिस्ट' हा नवा दर्जा मंजूर केला, पण त्यालाही मान्यता असलेला अभ्यासक्रमच हवा. तेव्हा नाव घालण्याआधी कॉलेजला सरळ विचारायचं: हे शिकून मला राज्याचा कोणता दाखला मिळेल? आमचीने हे दुसऱ्या वर्षी विचारलं. तिचं नशीब चांगलं, म्हणून निभावलं.

दुसरं व्हिसाचं. नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर गेलेल्या बायकोला शिकायला वेगळा विद्यार्थी-व्हिसा लागत नाही. नोकरीचं तसं नाही. २०१५ साली झालेल्या नियमाने, नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा आय-१४० हा टप्पा मंजूर असेल तर तिला कामाचा परवाना मागता येतो, सगळ्याजणींना नाही. केंद्रावरच्या कामाला तो परवाना लागेल का, आणि फी स्थानिक दराने बसेल का, हेही आधी कॉलेजच्या कचेरीत विचारून घ्यायला सांगा. हे नियम बदलतात, मैत्रिणीच्या सांगण्यावर जाऊ नये.

जावईबापूंचं म्हणाल तर पहिल्या टर्मला कुरकुर झाली. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी तिचा वर्ग. पहिल्या मंगळवारी पिझ्झा, दुसऱ्या मंगळवारी पिझ्झा, तिसऱ्याला नातवानेच "बाबा, खिचडी" म्हटलं. मी तिथे असताना मला स्वयंपाकघरात जाऊ देईनात! डाळ-तांदूळ किती आणि पाणी किती हे कुकरच्या झाकणावर कागद चिकटवून लिहिलेलं होतं, लेकीच्या अक्षरात.

तिचे अजून पाच विषय राहिलेत. परवा फोन केला, तर म्हणाली, "आई, उद्या करू का? आज निबंध द्यायचाय." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. पाकिटाबरोबर मी गुणपत्रकाची एक जादा प्रत मागून घेतली होती, ती कपाटात साड्यांच्या खाली आहे. तुमच्या घरातही कुणाची अर्धवट राहिलेली गुणपत्रकं असतील, तर ती ट्रंकेतून काढून एकदा ऊन दाखवून ठेवा. कसर फार लवकर लागते.