तबकातील पाहुणे

मोठ्या कोड्यांची उत्तरे शोधण्यासाठी विद्वानांच्या परिषदा भरतात. परंतु लहान कोड्यांना घरातील दुपारच्या तबकाइतकी उत्तम सभा दुसरी नाही. तीन पिढ्या एका छपराखाली नांदत असल्या म्हणजे चार वाजता जे तबक स्वयंपाकघरातून बाहेर येते, त्यावर चहा असतो, कॉफी असते, उन्हाळ्यात सरबत असते आणि अलीकडे मुलांच्या हट्टास्तव शीतपेयाची बाटलीही असते. जालन्यास आमच्या घरीही हाच थाट आहे. इतकी मंडळी एकत्र आली की प्रश्न उद्भवणारच. आणि ते विचारण्याचा मान घरातील सर्वांत लहान व्यक्तीकडे असतो, हा सनातन नियम होय.

“आजोबा, चहा ‘तो’, कॉफी ‘ती’ आणि सरबत ‘ते’, असे का हो?” धाकट्या नातीने एकदा विचारले. प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. परका शब्द दारी आला की मराठी भाषा त्याचे कूळ विचारीत नाही. बहुधा त्याचे शेवटचे अक्षर पाहते आणि पंगतीत पाट मांडून देते. आकारान्त चहा पुरुषांच्या पंगतीत बसला, ईकारान्त कॉफी स्त्रियांच्या. सरबत अकारान्त; त्याला असा ठाम नियम नाही, म्हणून ते पाण्याशेजारी जाऊन बसले असावे, असे मला वाटते. “मग पाणी ईकारान्त असून ‘ते’ कसे?” हा लगेच पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर संस्कृतात आहे. पाणी हे ‘पानीयम्’पासून, लोणी ‘नवनीतम्’पासून आणि दही ‘दधि’पासून आले. हे तिन्ही शब्द मुळात नपुंसकलिंगी. त्यांनी रूप बदलले, पण लिंग सोडले नाही. जुन्या घराण्यांचे असेच असते!

आमच्या वहिनी एकादशीस अन्न वर्ज्य करतात, परंतु कॉफीस त्यांची हरकत नसते. ही सवलत कोणत्या स्मृतीत आहे, असे कोणी विचारू नये. कॉफीचे मूळ आफ्रिकेतील इथिओपियाचे, तिचा पेय म्हणून प्रसार झाला अरबस्तानातील यमनातून; आणि सतराव्या शतकात बाबा बुदन नामक सत्पुरुषाने तिच्या सात बिया चिकमगळूरच्या डोंगरावर आणल्या, अशी आख्यायिका आहे. स्मृतिकारांना तिचे नावही ठाऊक नव्हते. मग त्यांनी निषेध तरी कशाचा करावा? त्या कॉफीत आपण जायफळ घालतो, हे आणखी एक कोडे. एक झोप घालविणारी, दुसरे झोप आणणारे म्हणून प्रसिद्ध! परंतु चिमूटभर जायफळ सुगंधापुरतेच असते; राज्य कॉफीचेच चालते. जायफळाचे मूळ स्थानही इंडोनेशियातील बांदा बेटे. तरी संस्कृत वैद्यकात ते ‘जातीफल’ म्हणून इतके रुळले आहे की त्याला परके म्हणण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

बाटली दिसली की आमचे दादा “हे विलायती खूळ” म्हणून तोंड फिरवितात. त्यावर मुले त्यांच्या हातातील चहाकडे बोट दाखवितात, कारण त्याचे नाव चिनी. खुद्द बाटलीचे देशीपण ठरविणेही सोपे नाही. 1977 साली कोका-कोला कंपनी हा देश सोडून गेली, तेव्हा ‘थम्स अप’ हे देशी पेय निघाले. 1993 साली ती कंपनी परतली आणि तेच देशी पेय तिने विकत घेतले. आता ते घरचे म्हणावे की परके?

दादांचा पक्ष राखण्यासाठी एके दिवशी सूनबाईंनी मोसंबीचा रस पुढे केला. जालना, अंबड, घनसावंगी या भागांची ही भूषणभूत बाग. ‘जालना मोसंबी’स 2016 साली भौगोलिक निर्देशांकाचा अधिकृत मानही मिळाला. परंतु ‘मोसंबी’ हे नाव आले आहे आफ्रिकेतील मोझांबिकवरून! म्हणजे तबकातील बहुतेक सारेच पाहुणे निघाले. फरक एवढाच की काही पाहुणे या मातीत राबू लागले आणि घरचे झाले.

तो राबता किती कठीण, हे 2012-13 च्या दुष्काळाने दाखविले. टँकरचे पाणी विकत घेऊन कित्येकांनी बागा जगविल्या. कित्येकांना वर्षानुवर्षे वाढविलेली झाडे वाळल्यावर तोडावी लागली. बाटलीला असा दुष्काळ ठाऊक नाही. आणि येथेच सर्वांत मोठे कोडे आहे: मोसंबी दारात पिकत असता दुकानात बाटलीच का पुढे? त्याचे एक कारण मोसंबीच्या रसातच आहे. पिळला तेव्हा गोड असलेला रस काही वेळ ठेवला की कडवट होतो. फळात असलेले एक चवहीन द्रव्य रसातील आंबटपणाच्या सान्निध्यात हळूहळू लिमोनिन नामक कडू पदार्थ बनते. बाटली महिनोन् महिने फळीवर वाट पाहू शकते. मोसंबीचा रस तासभरही थांबावयास तयार नाही. जे थांबू शकत नाही, त्याच्याकडे गिऱ्हाइकानेच चालत गेले पाहिजे.

आरोग्याचा हिशेबही मुलांनी स्वतः मांडावा. तीनशे मिलिलिटरच्या गोड शीतपेयात साधारण तीस ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर असते; जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसास दिवसाकाठी पंचवीस ग्रॅमच्या आत राहणे अधिक हितावह सांगितले आहे. रसातही साखर असतेच. म्हणून मोसंबी सोलून फोडीच खाव्यात, चोथाही पोटात जातो.

तात्पर्य, एखादी वस्तू कोठून आली यावरून भांडणे व्यर्थ आहे. ती कोणाच्या कष्टाने पिकते आणि आपल्या पैशाने कोणाची चूल पेटते, हे विचारावे. सणासमारंभास मुलांनी बाटली फोडली तर घर बुडत नाही. परंतु बहार आला असता पाहुण्यांपुढे ताज्या मोसंबीची बशी ठेवणे, आणि ती शक्य तर बागवानाकडूनच घेणे, एवढे आपल्या हाती आहे. तसेच मुलांनी “असे का?” म्हणून विचारले, तर त्यांस “गप्प बस” म्हणू नये. थांबवून ठेवलेला प्रश्नही रसाप्रमाणेच कडू होतो.