टाकीवरची फर्द

मिसुरी राज्यातील सेंट लुई येथील शेव्हरले कारखान्यातून १९६७ साली बाहेर पडलेली कॉर्व्हेट गाडी आज कोणी उलगडावयास घेतली, मागची स्टेपनी तिच्या पेटीसह उतरवली, सायलेन्सरच्या नळ्या बाजूस केल्या आणि पट्टे सैल करून पेट्रोलची टाकी हळूहळू खाली घेतली, तर त्या टाकीच्या माथ्यावर, जेथे एरवी कोणाची दृष्टी पोहोचावयाची नाही अशा जागी, एक पिवळटलेला, तेलकट, कडांशी झिजलेला कागद चिकटलेला सापडण्याचा संभव असतो. त्यावर वाक्य म्हणून एकही नसते; लहान लहान चौकटी आणि त्यांत अक्षरे व आकडे, एवढाच मजकूर. तरीही या कागदाला जाणते लोक जो मान देतात, तो गाडीच्या झळझळीत रंगालाही देत नाहीत.

हा कागद ग्राहकासाठी लिहिलेलाच नव्हता. विक्रेत्याची मागणी कारखान्यात दाखल झाली, की तिच्या तपशिलाच्या फर्दा छापल्या जात आणि जुळणीच्या रांगेवर ठिकठिकाणी रवाना होत. कारण मागोमाग येणाऱ्या दोन गाड्यांत एंजिन निराळे, गिअरबॉक्स निराळा, काचा निराळ्या, आणि पुढ्यात आलेल्या गाडीत नेमके काय बसवावयाचे हे कामगाराने फर्दीवरूनच जाणावयाचे. गाडी सिद्ध झाली, की फर्दीचे प्रयोजन संपले. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी बखरींहून अस्सल समकालीन कागदांना जे प्रामाण्य दिले, त्याचे मर्म येथेही लागू पडते: ज्याने हे आकडे छापले त्याला कोणाची स्तुती करावयाची नव्हती, कोणता दावा जिंकावयाचा नव्हता, गाडीची किंमतही वाढवावयाची नव्हती, हुकमाबरहुकूम गाडी उभी राहावी, एवढाच त्याचा हेतू होता.

वाचनाचा आरंभ गाडीच्या क्रमांकापासून करावा. ‘१९४३७७एस’ अशी सुरुवात असेल, तर पहिला १ शेव्हरलेचा, ९४ हे कॉर्व्हेटचे, ३७ हे बंद छताच्या कूपेचे (उघड्या गाडीस तेथे ६७ येतात), नंतरचा ७ वर्षाचा आणि ‘एस’ सेंट लुईचा. पुढील सहा अंक तेवढे त्या एका गाडीचे स्वतःचे. मग येतात ग्राहकाने निवडलेल्या विकल्पांच्या संज्ञा: एम-२१ म्हणजे जवळजवळच्या गतींचा चार-गिअरी गिअरबॉक्स, सी-६० म्हणजे वातानुकूलन, ए-३१ म्हणजे विजेने सरकणाऱ्या काचा, एन-१४ म्हणजे गाडीच्या कुशीला बसवलेले सायलेन्सर.

पण संज्ञा ओळखणे ही केवळ बाराखडी झाली. खरे वाचन संज्ञांच्या परस्परसंबंधांत असते, आणि त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे एल-८८. त्या साली एल-७१ या संज्ञेखाली ४२७ घनइंचांचे, तीन कार्ब्युरेटरांचे एंजिन मिळे. त्याची जाहीर शक्ती ४३५ अश्वशक्ती आणि त्याचा अधिभार ४३७ डॉलर १० सेंट होता. एल-८८ हेही ४२७ घनइंचांचेच, अधिभार मात्र ९४७ डॉलर ९० सेंट, आणि जाहीर शक्ती पाहावी तर ४३०! वस्तुतः शर्यतीसाठी घडवलेल्या त्या एंजिनाची शक्ती ५०० च्याही पुढे होती. सामान्य ग्राहकाने त्याच्या वाटेस जाऊ नये, म्हणूनच तो आकडा मुद्दाम खाली ठेवलेला होता. एल-८८ घेणाऱ्यास भक्कम एम-२२ गिअरबॉक्स, जे-५६ हे शर्यतीचे ब्रेक आणि के-६६ हे ट्रान्झिस्टरचे प्रज्वलन सक्तीने घ्यावे लागे. हीटर आणि रेडिओ मुळीच मिळत नसत. म्हणून एखाद्या फर्दीवर एल-८८ सोबत यू-६९ हा रेडिओ नांदताना दिसला, तर वाचकाने तेथेच थांबावे; ती फर्द खोटी असली पाहिजे.

आणि खोट्या फर्दा आहेतच. १९६७ साली एल-८८ च्या गाड्या अवघ्या २० विकल्या गेल्या. त्यांपैकी एक २०१४ च्या लिलावात ३८ लाख ५० हजार डॉलरना गेली, आणि ज्या कागदाला एके काळी रद्दीचेही मोल नव्हते त्याच्या बनावट नकला निघू लागल्या. त्यामुळे कागदाची साक्ष धातूच्या साक्षीशी ताडून पाहावी लागते. एंजिनाच्या उजव्या बाजूस, पुढच्या अंगी, एका सपाट पट्टीवर जुळणीचा शिक्का असतो: ‘टी’ म्हणजे टोनावांडा येथील एंजिन-कारखाना, मग महिना व दिवस, शेवटी एंजिनाची संज्ञा, एल-७१ ला ‘जेई’ आणि एल-८८ ला ‘आयटी’. ओतकामाची तारीख आधी, एंजिनाच्या जुळणीची नंतर आणि गाडीची त्याहून नंतर, हा क्रम कोठेही उलटा पडता कामा नये. शिवाय त्या पट्टीवर कारखान्यातील यंत्राने उमटवलेल्या बारीक समांतर रेषा असतात. जुना शिक्का घासून नवा ठोकणाऱ्याच्या हातून त्या पुसल्या जातात, आणि परीक्षक भिंग लावून प्रथम त्यांचाच शोध घेतो.

इतर कंपन्यांची कथा थोडक्यात सांगता येते. फोर्डने १९६७ पासूनच्या गाड्यांची नोंद राखली, म्हणून तेथे दफ्तरच बोलते. क्रायस्लरच्या फर्दा बहुधा मागच्या आसनाच्या स्प्रिंगांत अडकवलेल्या सापडतात, आणि पुष्कळदा त्या भलत्याच गाडीच्या निघतात. शेव्हरलेने मात्र अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक गाडीच्या विकल्पांचे दफ्तर जतन केले नाही. म्हणून टाकीवरचा तो कागद सांडलेल्या पेट्रोलने विरघळला, की त्या गाडीची साक्षच उणी होते. अशा कागदाचे छायाचित्र तो जागेवर असतानाच घ्यावे. तो सोलून काढण्याची घाई करणाऱ्यांनी कित्येक फर्दांचे तुकडे केले आहेत.

लिलावाचे मोल बाजूस ठेवले, तर मला अधिक जवळच्या वाटतात त्या साध्या गाड्यांच्या फर्दा. त्या साली बनलेल्या २२,९४० कॉर्व्हेटांपैकी वातानुकूलन होते केवळ ३,७८८ गाड्यांत. एखाद्या फर्दीवर मूळचे ३०० अश्वशक्तीचेच एंजिन, सोबत सी-६०, रेडिओ, विजेच्या काचा, आणि कोपऱ्यात विक्रेत्याचा व त्याच्या विभागाचा क्रमांक. खरेदीदाराचे नाव तेथे नाही. पण वेगासाठी वाढीव एक डॉलर न देता थंड हवेसाठी मात्र चारशेंहून अधिक डॉलर मोजणारा एक मनुष्य त्या चौकटींतून आपल्याकडे पाहत असतो.